रिकामं चालवून दाखवा

मशीन बंद पडलं तेव्हा भांड्यात पीठ अर्धवट मळून झालं होतं. अर्धवट मळलेलं पीठ फेकवत नाही आणि तसंच ठेवताही येत नाही. मी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मशीनने एकदा हुं केलं आणि रुसलेल्या जावयासारखं गप्प बसलं. शेवटी सगळा गोळा परातीत काढला आणि हाताने मळायला बसले.

मी पाव करून विकते. पहाटे भाजते, उजाडलं की चहाच्या दुकानांत आणि आसपासच्या घरांत पोचवते, आणि दुपारी आणखी एक घाणा काढते, संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी. नवरा गेल्यापासून हेच करते आणि चांगलं करते, हे माझं मी सांगायला हरकत नाही. पण मनगटं आता ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाला, मळणं बंद करा. जणू मी हौस म्हणून मळत होते. मग सून म्हणाली, आई, आमच्या दुकानात पीठ मळायचं मशीन आलंय, ते घ्या. मी जाऊन घेतलं. पहिले काही दिवस मला इतकं बरं वाटलं की मी त्या मशीनवर कापड शिवून घातलं. नंतर ते मधेच थांबायला लागलं. जरा गार झालं की सुरू, जरा तापलं की बंद. आणि त्या दिवशी तर त्याने हातच टेकले.

सून त्याच दुकानात कामाला आहे. विजेच्या वस्तूंचं मोठं दुकान, खालचा मजला सगळा फ्रिज आणि टीव्ही, वर बाकीचं सामान. ती बसते तक्रारीच्या काउंटरवर. म्हणजे लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि हिने त्यांना त्या वस्तू घेऊन परत पाठवायचं, असं ते काम. मुलगा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, पंधरवड्यातून एखादा दिवस घरी असतो. बाकीच्या दिवसांत घरात आम्ही दोघीच. सासू-सून दोघीच राहतात म्हटल्यावर लोकांना वाटतं, रोज भांडी आपटत असतील. आम्हाला आपटायला वेळ नसतो. ती संध्याकाळी येते ती बोलून बोलून दमलेली, मी उभं राहून दमलेली. जेवताना ती दुकानातल्या नकला करते आणि मी हसते.

तिची सगळ्यात चांगली नक्कल तिची स्वतःचीच. आवाज असा मऊ करते की लोणी परवडलं. "रोज बरंच काम होत असेल ना याच्यावर?" असं ती गिऱ्हाइकाला विचारते. माणूस खुलतो. त्याला वाटतं, चला, कोणीतरी आपल्या कष्टांची विचारपूस केली. तो सांगायला लागतो, हो तर, सकाळपासून चालू असतं, इतक्या लोकांचं करतो, अमुक ठिकाणी पोचवतो. त्याचं सांगून झालं की ही म्हणते, "मग हा व्यावसायिक वापर झाला. वॉरंटी घरगुती वापराला आहे." एवढं म्हणायचं आणि कागद परत द्यायचा. हा प्रश्न तिचा स्वतःचा. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो बाकीच्यांनाही शिकवायला लावला.

"आणि कायदा काय म्हणतो?" मी एकदा विचारलं होतं.

"कायदा म्हणतो, स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबतो तो गिऱ्हाईकच. ती अट मोठ्या कारखान्यांसाठी आहे." ती ताटातला घास इकडून तिकडे करत होती. "पण आई, हे कोण विचारायला येतंय? माणूस रजा काढून आलेला असतो. एकदा नाही म्हटलं की निम्मे तिथूनच जातात."

मी हसले होते. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

माझं मशीन बंद पडलं त्या संध्याकाळी तिने नक्कल केली नाही. भांडं उलटं करून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "हा सगळा माल असाच आलाय. तापला की मान टाकतो. पीठ असो नाहीतर नसो, रिकामं चालवलं तरी बंद पडतं. मागच्या खोलीत छपरापर्यंत रचून ठेवलेत परत आलेले. काउंटरवर आम्ही जरा फिरवून दाखवतो आणि म्हणतो, चालतंय की. तेवढ्या वेळात ते तापत नाही."

"मग माझं बदलून दे."

"मला नाही देता येणार." आणि तिने मला नियम सांगितला. दुकानातल्या माणसाच्या नात्यातल्या कोणाची तक्रार असेल तर ती दुकानात निकालात काढायची नाही, मुख्य ऑफिसला पाठवायची. वशिला नको म्हणून. मुख्य ऑफिसला गेलेली वस्तू कधी परत येते हे तिला कोणी अजून सांगू शकलेलं नव्हतं. त्यात तिची नोकरी अजून कच्ची. या हंगामानंतर कायम करतो असं साहेब म्हणाले होते, आणि त्या एका शब्दावर आमच्या घरात बऱ्याच गोष्टी ताटकळत होत्या. मुलाला गाडीवरून उतरवायचं, जवळपास काहीतरी बघायचं, दोघांनी चार दिवस नवरा-बायकोसारखं राहायचं, हे सगळं तिच्या कायम होण्यावर होतं.

मग तिने मला पढवलं. शुक्रवारी जायचं. शुक्रवारी काउंटरवर टकलू असतो, तिच्याबरोबरचा तो बुटका मुलगा, केस लवकर गेलेला. ती त्या दिवशी मागे मालाची मोजणी करते. मी कोण हे कोणाला सांगायचं नाही. आणि त्याने तो प्रश्न विचारला की म्हणायचं, घरच्यापुरतं.

"एवढंच. पुढे एक शब्द नाही."

"एक शब्द नाही."

"आई, तुमच्या बाबतीत हे अवघड आहे."

"मला काय तोंड आवरता येत नाही?" मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारच्या घाण्याचं पीठ भिजवून, फडक्याखाली फुगायला ठेवून मी निघाले. मशीन खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी कधी या हातात कधी त्या हातात. दुकानाचा जिना चढून वर गेले तर काउंटरवर सून. टकलूचं मूल आजारी पडलं होतं, हे नंतर कळलं. तिच्या अंगात दुकानाचं जॅकेट होतं, केस घट्ट बांधलेले. मला बघून तिच्या हातातलं पेन थांबलं आणि पुन्हा चालू झालं. तिच्या पाठीमागे साहेब उभे होते. साहेब म्हणजे माझ्या मुलापेक्षा लहान असलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं असं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं.

परत फिरायला हवं होतं. पण तो जिना, ते ओझं आणि घरी फुगत असलेलं पीठ. दुसरी खेप माझ्याच्याने झाली नसती. मी रांगेत बसले.

माझ्या पुढे एक बाई होती. तिच्याकडेही तेच खोकं, सुतळीने बांधलेलं. सुनेने मशीन लावलं, बटण दाबलं. गुर्रर्र झालं.

"चालतंय की, ताई."

"आत्ता चालतंय. थोड्या वेळाने बघा, बंद पडतं."

सून जरा थांबली. साहेब मागे चहा पीत होते. मग तिने तो आवाज काढला. घरी जेवताना काढते तोच, पण इथे तो नकलेचा नव्हता.

"रोज बरंच काम होत असेल ना याच्यावर?"

बाईचा चेहरा उजळला. "तर काय, मुलींच्या वसतिगृहाची खानावळ आहे माझी. दोन्ही वेळचं मीच बघते. एक बाई होती मदतीला, ती सोडून गेली, म्हणून तर हे घेतलं." ती सांगत राहिली. कोणत्या मुलीला मऊ लागतं, कोण उशिरा येतं आणि तिच्यासाठी झाकून ठेवावं लागतं. सून मान हलवत ऐकत होती. मला वाटत होतं, उठावं आणि त्या बाईच्या तोंडावर हात ठेवावा.

"मग हा व्यावसायिक वापर झाला, ताई," सून म्हणाली.

बाईला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा विचारलं, सुनेने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच गोडीने. मग बाईने मशीन खोक्यात ठेवलं आणि बाजूला होऊन सुतळी बांधायला लागली. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, गाठ बसत नव्हती. मळणाऱ्या बायकांची बोटं मला दाखवावी लागत नाहीत.

"बोला, मावशी," सून मला म्हणाली.

मी खोकं वर ठेवलं. तिने मशीन काढलं, कापड बाजूला केलं. ते कापड तिच्याच जुन्या ओढणीचं होतं. तिने बटण दाबलं, गुर्रर्र झालं. साहेब एक पाऊल पुढे आले होते. विचारल्याशिवाय सुटका नव्हती, हे मला दिसत होतं.

"रोज बरंच काम होत असेल ना याच्यावर?"

घरच्यापुरतं, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. रस्ताभर तोच घोकत आले होते. पण बाजूला ती बाई अजून गाठच मारत होती, आणि मला कळत होतं की ती मुद्दाम वेळ लावतेय. तेच मशीन, तोच बिघाड, आता या बाईला काय सांगतात ते तिला ऐकायचं होतं.

"पाव करते," मी म्हटलं. "विकते."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे घरच्यापुरते करता आणि उरले की शेजारी देता. असंच ना, मावशी?"

ही दुसरी संधी होती. ती कोणाला दुसरी संधी देत नाही, हे मला माहीत होतं. पण आता माझं डोकं फिरलं होतं. कोणावर, ते सांगता येणार नाही. तिच्यावर, त्या इस्त्रीच्या शर्टावर, माझ्या मनगटांवर.

"शेजारी कशाला देऊ? विकते म्हटलं ना. या बाई करतात तसंच. स्वतःच्या हाताने करतो, स्वतःचं पोट भरतो. त्याला व्यावसायिक म्हणायचं तर म्हणा, पण वस्तू पैसे देऊन घेतलीय आणि ती बिघडलेली दिलीत तुम्ही."

"मावशी, हळू बोला," साहेब म्हणाले. "मशीन तर चालतंय. तुमच्यासमोर चालवलं."

"मग चालवत ठेवा. पीठ नको, काही नको, रिकामं चालवून दाखवा. यांचंही लावा. गिऱ्हाइकासमोर तपासून द्यायचं असं तुमच्याच पाटीवर लिहिलंय, ती तिथे पंख्यांच्या खोक्यांमागे गेलीय ती."

"मागे रांग आहे."

"मला घाई नाही," असं मी म्हटलं, आणि घरी पीठ फडक्याबाहेर आलं असणार हेही मला माहीत होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा सुटले की मला धरबंद राहत नाही. "आणि खात्री नसेल तर मागच्या खोलीत छपरापर्यंत रचून ठेवलीत ना, त्यातलीही दोन आणा. तापली की सगळी मान टाकतात."

सुनेचे कान लाल झाले होते. साहेबांनी कप खाली ठेवला.

खानावळवाल्या बाईने सुतळी सोडली आणि आपलं मशीन माझ्या मशीनशेजारी आणून ठेवलं. सुनेने साहेबांकडे न बघता दोन्ही बटणं दाबली. दोन्ही मशीनं रिकामी फिरायला लागली. रांगेतला एक माणूस कुरकुरला, आम्हाला कामं आहेत म्हणाला, आणि मग तोच उठून बघायला पुढे आला. आम्ही सगळे दोन रिकाम्या भांड्यांकडे बघत उभे राहिलो. बाईने मला विचारलं, भट्टी आहे की ओव्हन. मी म्हटलं, ओव्हन. ती म्हणाली, रात्री हात दुखतात का हो. मी म्हटलं, मुंग्या येतात. साहेब मशीनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

आधी तिचं थांबलं. माझं जरा घरघरलं आणि मग तेही थांबलं. प्लास्टिक तापल्याचा वास आला. सुनेने बटण पुन्हा पुन्हा दाबून दाखवलं.

"बंद पडलं," तो कुरकुरणारा माणूस म्हणाला, जणू बाकीचे आंधळे होते.

इतक्या लोकांसमोर साहेब काय करणार? "यांना बदलून द्या," ते खानावळवाल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "नवीन मालातलं." बाईने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडायला आला होता. तेवढ्यात साहेब त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मागच्या खोलीतलं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? आपला अंदाज."

"छपरापर्यंत, असा अंदाज?" ते सुनेकडे वळले. "तुम्ही ओळखता का यांना?"

"नाही हो," मी पटकन म्हटलं. माझा आवाज कधी नव्हे इतका मऊ निघाला. "मी कशाला ओळखेन यांना? आजच बघतेय."

सून माझ्याकडे बघत होती. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दिवसभर हीच तर तिची कला.

"माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली.

त्यानंतरचं सगळं नियमाप्रमाणे झालं. माझं मशीन मुख्य ऑफिसला पाठवायच्या कपाटात गेलं, मला एक चिठ्ठी मिळाली. सुनेला साहेबांनी आत बोलावलं. मी जिन्यात थोडा वेळ उभी राहिले, मग घरी आले. पीठ उतू गेलं होतं आणि त्याला आंबट वास यायला लागला होता. ते टाकून दिलं. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना आज पाव नाहीत म्हणून सांगून आले.

ती आली तेव्हा मी पहाटेसाठी मळायला बसले होते. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली. तिला काउंटरवरून काढलं, मागे मालाच्या खोलीत टाकलं. कायम करण्याचं विचारलं तर साहेब म्हणाले, बघू. तिने ते असं सांगितलं की जणू कोणा दुसऱ्याचं झालं होतं.

मला तिचा राग आला. खरंच आला. माझ्या तोंडाने केलेला घोटाळा मी माझ्याच तोंडाने निस्तरला होता आणि हिने तो पुन्हा मांडून ठेवला.

"नाही म्हणायला तुझं काय जात होतं?" मी म्हटलं. "मी म्हटलं होतं ना नाही? तेवढ्यावर मिटलं असतं. तुझ्या नोकरीसाठीच म्हटलं ना मी?"

"माहीत आहे."

"मग?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. माझ्या हातांकडे बघत राहिली. "आई, तुम्ही किती छान म्हणालात ते," ती म्हणाली. "अगदी मी म्हणते तसं. तोच आवाज. मी रोज समोरच्या माणसाला तसंच म्हणते आणि तो गेला की पुढच्याला बोलावते. पण तो आवाज माझ्याकडे बघून कोणी काढला नव्हता कधी. तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात, आणि मला एक क्षण खरंच वाटलं, की नसाल ओळखत."

ती उठून आत गेली. मी त्या पिठावर इतका जोर काढला की हात खांद्यापर्यंत भरून आले. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण तशी आमच्यात सवय नाही, आणि माझे हात पिठाचे होते.

दुसऱ्या दिवशी पाव पोचवून मी घरी न जाता दुकानाकडे वळले. नुकतंच उघडलं होतं, तरी काउंटरसमोर माणसं होतीच. मी रांगेत बसले. माझा नंबर आला. टकलू होता. त्याने माझ्या हातातली कालची चिठ्ठी पाहिली.

"बोला, मावशी. मशीनचं विचारायला आलात? ते कालच लिहून पाठवलंय, वेळ लागेल."

"मशीनचं नाही," मी म्हटलं. "काल इथे मी खोटं बोलले. ती माझी सून आहे. माझ्या घरात राहते. मी तिला चांगली ओळखते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. "सगळ्यांना माहीत झालंय, मावशी. तिनेच तर सांगितलं ना काल."

"तिने सांगितलं. मी नव्हतं सांगितलं."

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मागे आहे ती. बोलावू?"

"नको, काम करू दे तिला. मला इथेच सांगायचं होतं."

माझ्यामागे एक माणूस मोठा पंखा कवटाळून उभा होता. त्याने विचारलं, "झालं का तुमचं?"

"झालं," मी म्हटलं, आणि त्याला जागा करून दिली.